सातवी खेप

२७ मे १९५२ ची रात्र. एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर, साधारण ८,४०० मीटर उंचीवर, एकुलता एक तंबू. आत दोघे जण अंग चोरून बसलेले. एक रेमंड लँबेर, जिनिव्हाचा डोंगरवाटाड्या. दुसरा तेनसिंग नोर्गे, दार्जिलिंगच्या तुंगसुंग बस्तीत राहणारा शेर्पा. झोपायच्या पिशव्या खाली राहिलेल्या. स्टोव्हही नाही. कारण त्या दिवशी वर मुक्काम करायचा असे ठरलेच नव्हते. चौघे निघाले होते ते पुढची वाट पाहायला आणि तंबू ठेवून यायला. पण हवा निवळली, आणि तेनसिंगने तंबूकडे बोट दाखवून खुणेनेच सुचवले, आपण दोघे इथेच थांबू. तंबू एकच. बाकीचे दोघे, ओबेर आणि फ्लोरी, हेही कसलेले गिर्यारोहक होते आणि शिखराची आस त्यांनाही होती. तरी जागा या दोघांना देऊन ते मुकाट्याने खाली उतरले.

तहान भयंकर लागली होती. एका रिकाम्या डब्यात बर्फ घालून तेनसिंगने तो मेणबत्तीवर धरला. घोट घोट पाणी मिळाले. झोप लागली तर गारठून मरण, म्हणून रात्रभर दोघे एकमेकांना थोपटत, चोळत जागे राहिले. लँबेर फ्रेंच बोलणारा, तेनसिंगला फ्रेंच येत नव्हते. दोघांचा कारभार खुणांवर आणि इंग्रजीच्या चार शब्दांवर चालला होता. १९३८ साली आल्प्समध्ये हिमदंशाने लँबेरच्या पायांची सगळी बोटे गेली होती. तोकड्या बुटांतल्या त्या पायांनी तो इथवर पोहोचला होता.

सकाळी ते निघाले. प्राणवायूची यंत्रे जवळ होती, पण ती फक्त थांबून श्वास घेताना चालत. चढताना त्यांचा उपयोग नव्हता, नुसते ओझे होते. तीन पावले टाकायची, थांबायचे, नळी तोंडाला लावायची, पुन्हा दोन पावले. कधी गुडघ्यांवर, कधी ओणवे. साडेपाच तासांच्या आसपास त्यांनी जेमतेम दोनशे मीटर उंची कमावली. ८,५९५ मीटरच्या सुमारास दोघे थांबले. तोवर माणूस इतक्या उंचीवर पोहोचल्याची खात्रीशीर नोंद क्वचितच होती. शिखर अजून अडीचशे मीटर वर होते. अजून वर जाता आले असते, पण मग परत येता आले नसते, हे दोघांनाही कळले. न बोलता ते मागे वळले.

तेनसिंगची एव्हरेस्टवरची ही पाचवी खेप होती.

*

एव्हरेस्टची गोष्ट आपण शाळेत शिकलो ती एका ओळीत संपते. २९ मे १९५३, हिलरी आणि तेनसिंग. त्या एका ओळीमागे तेनसिंगची अठरा वर्षे आहेत. या अठरा वर्षांत तो त्या डोंगरावरून सहा वेळा माघारी आला. त्याचे स्वप्न कसे पुरे झाले हे समजून घ्यायचे तर शिखरावरची पंधरा मिनिटे पुरत नाहीत. त्या सहा माघारी पाहाव्या लागतात.

तेनसिंगचा जन्म १९१४ सालचा, मे अखेरचा. नेमकी तारीख नोंदलेली नव्हती. पुढे त्याने २९ मे हाच आपला वाढदिवस मानला. जन्म तिबेटच्या बाजूच्या खार्ता खोऱ्याकडचा, आणि बालपण नेपाळच्या खुंबू भागातल्या थामे गावात गेले. तेरा भावंडांतला हा अकरावा. बरीचशी भावंडे लहानपणीच गेली. त्याचे पाळण्यातले नाव वेगळे होते. रोंगबुक मठाच्या मुख्य लामांनी ते बदलून ‘तेनसिंग नोर्गे’ ठेवले, म्हणजे धर्माला धरून चालणारा भाग्यवंत. घरचे काम याक राखण्याचे. उंच कुरणांवर याक घेऊन गेलेल्या या पोराला समोर कायम एकच डोंगर दिसे. तिकडे त्याला ‘चोमोलुंग्मा’ म्हणत. ज्याच्यावरून पक्षीही उडून जाऊ शकत नाही असा डोंगर, असा त्या नावाचा अर्थ त्याच्या आईने त्याला सांगितला होता.

खुंबूत राहणाऱ्या साध्या शेर्पांना डोंगरावर चढण्यात काही अर्थ वाटत नसे. शिखरे देवांची. १९२२ च्या ब्रिटिश मोहिमेत नॉर्थ कोल या उत्तरेकडच्या खिंडीखाली बर्फाचा लोंढा कोसळून सात हमाल दगावले होते, तेही सर्वांना ठाऊक होते. तरीही त्या मोहिमांमधून परतलेल्या माणसांच्या गोष्टी, त्यांचे मोठे बूट, त्यांनी पाहिलेले परके लोक, यांनी थामेतल्या या मुलाच्या डोक्यात घर केले. १९३२ च्या अखेरीस, अठरा वर्षांचा असताना, तो घर सोडून दार्जिलिंगला आला.

दार्जिलिंग हे त्या काळी हिमालयातल्या मोहिमांचे भरती-केंद्र होते. नेपाळ परक्यांना बंद होता. एव्हरेस्टची वाट दार्जिलिंगहून सिक्कीममार्गे तिबेटात जाई आणि डोंगराच्या उत्तर बाजूला पोहोचे. १९३३ ची ब्रिटिश मोहीम निघाली तेव्हा तेनसिंग रांगेत उभा राहिला. त्याने शेर्पांची लांब वेणी कापून टाकली होती आणि नेपाळी पोशाख केला होता. त्यामुळे हा शेर्पाच नव्हे असे समजून त्याला परत पाठवण्यात आले.

१९३५ ला एरिक शिप्टन यांची मोहीम आली. हमालांची निवड जवळपास संपली होती. दोन जागा उरल्या होत्या. तेनसिंगकडे आधीच्या कामाचा एकही दाखला नव्हता, होते ते फक्त हसू. शिप्टन यांनी पुढे लिहिले की त्या हसण्यावरच त्यांनी त्याला घेतले. मजुरी दिवसाला बारा आणे, बर्फाच्या रेषेवर गेल्यास रुपया. त्या मोहिमेत तो ओझे घेऊन नॉर्थ कोलपर्यंत गेला. उतरल्यावर त्याला कळून चुकले की आपल्याला फक्त बारा आणे नको आहेत. त्याला वर जायचे होते.

ही गोष्ट आज साधी वाटते. तेव्हा ती नव्हती. मोहिमेतला शेर्पा म्हणजे पाठीवर सामान वाहणारा माणूस. शिखर ‘साहेबां’चे. ओझे वाहायला आलेल्या माणसाने शिखराची इच्छा धरावी, असे त्या व्यवस्थेत कुणाच्या मनात येण्याजोगे नव्हते. तेनसिंगच्या मनात ते आले आणि तिथेच राहिले.

*

१९३६ साली तो दुसऱ्यांदा गेला. त्या वर्षी पाऊस लवकर आला, मऊ बर्फ साचले, आणि नॉर्थ कोलच्या वर फारसे काही करता आले नाही. १९३८ साली बिल टिलमन यांच्या छोट्या, काटकसरी मोहिमेत तो तिसऱ्यांदा गेला. यावेळी तो ओझ्यासह २७,२०० फुटांवरच्या सहाव्या तळापर्यंत पोहोचला. खोल भुसभुशीत बर्फाने ती मोहीमही थांबवली. पण त्या उंचीपर्यंत ओझी नेणाऱ्या शेर्पांना हिमालयन क्लबने ‘टायगर’ हा बिल्ला दिला. तेनसिंग त्यांतला एक होता. हा हिमालयन क्लब १९२८ साली स्थापन झाला आणि पुढे त्याचे कार्यालय मुंबईत आले. 

मग दुसरे महायुद्ध आले. मोहिमा थांबल्या. तेनसिंग चित्रालमध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये कामाला राहिला. एक मुलगा चार वर्षांचा होऊन आधीच गेला होता. १९४४ साली चित्रालमध्येच त्याची पत्नी दावा फुटी वारली. पेमपेम आणि निमा या दोन लहान मुलींना घेऊन तो दार्जिलिंगला परतला. हातात पैसा नव्हता, काम नव्हते. पुढे त्याने आंग ल्हामूशी लग्न केले. मोहिमा नव्हत्या त्या काळात संसाराचा मोठा भार आंग ल्हामूने उचलला.

१९४७ साली अर्ल डेनमन नावाचा कॅनडात जन्मलेला एक माणूस दार्जिलिंगला आला. त्याच्याकडे पैसे नव्हते, तिबेटात जायची परवानगी नव्हती, पुरेसे साहित्यही नव्हते. एकट्याने एव्हरेस्ट चढायचे त्याच्या मनात होते. या बेतातला वेडेपणा तेनसिंगला उघड दिसत होता. पकडले गेलो तर काय, मेलो तर मुलींचे काय, हे सगळे त्याला कळत होते. तरी तो गेला. आणखी एका शेर्पासह तीन माणसांची ती चोरटी तुकडी तिबेटी शिपायांना चुकवत रोंगबुकला पोहोचली, नॉर्थ कोलच्या पायथ्याशी वादळात सापडली आणि परतली. डेनमनने जाताना त्याला आपली लोकरी कानटोपी दिली.

ती कानटोपी लक्षात ठेवावी.

*

१९५० च्या सुमारास सगळा नकाशाच पालटला. तिबेट बंद झाला आणि नेपाळने दारे उघडली. उत्तरेची वाट संपली, दक्षिणेची सुरू झाली. आता एव्हरेस्टकडे जाणारा रस्ता थेट खुंबूतून, तेनसिंगच्या गावाजवळून जाऊ लागला. १९५२ च्या वसंतातल्या स्विस मोहिमेत तो शेर्पांचा सरदार होता. अनेक वर्षांनी त्याची आईशी भेट झाली ती याच वाटेवर.

स्विस लोकांनी त्याला वेगळ्या नजरेने पाहिले. त्याला गिर्यारोहक म्हणूनच दोरात घेतले. मेणबत्तीवर बर्फ वितळवलेली ती रात्र याच मोहिमेतली. त्याच वर्षी शरदात स्विस पुन्हा आले आणि तेनसिंगही सहाव्यांदा गेला. या मोहिमेत वरून कोसळलेल्या बर्फाच्या तुकड्यांनी मिंग्मा दोर्जे हा शेर्पा दगावला. तेव्हा जुनी वाट सोडून ल्होत्सेच्या भिंतीवरून नवी वाट काढण्यात आली. नोव्हेंबर उजाडला होता. थंडी आणि वारा असा की साउथ कोल या दक्षिणेकडच्या खिंडीच्या थोडे वर जाऊन सगळ्यांना परतावे लागले. तेनसिंगला ताप आला, तो आजारी पडला, अंगातले वजन उतरले. निरोप घेताना लँबेरने आपल्या गळ्यातला लाल मफलर त्याला दिला.

त्या वर्षी दोन मोहिमा हरल्या. त्यांनी मागे जे ठेवले ते मात्र फार मोठे होते. पश्चिम दरीतून साउथ कोलपर्यंतचा रस्ता आता ठाऊक झाला होता. ल्होत्सेच्या भिंतीवरची जी वाट मिंग्मा दोर्जेच्या मृत्यूनंतर निघाली, नेपाळच्या बाजूने जाणारे गिर्यारोहक आजही त्याच भिंतीवरून जातात. तंबू कुठे लागतो, प्राणवायूचे यंत्र कुठे दगा देते, किती वाजता मागे वळले नाही तर माणूस उरत नाही, हे सगळे कुणीतरी स्वतः वर जाऊन, मागे वळून शिकले होते. आणि हे सगळे एकाच माणसाच्या अंगात मुरले होते. दोन्ही बाजूंनी, ओझ्यासह आणि ओझ्याविना, एव्हरेस्ट इतका जवळून पाहिलेला दुसरा कोणी त्या वेळी नव्हता.

*

१९५३ साली जॉन हंट यांच्या नेतृत्वाखालची ब्रिटिश मोहीम निघाली. तेनसिंगला बोलावणे आले. सरदार म्हणून आणि चढाई करणाऱ्या तुकडीचा पूर्ण सदस्य म्हणूनही. आजारातून तो नुकता उठला होता. आंग ल्हामूला तो जायला नको होता. एकोणचाळिशीला आलेला माणूस, घरात मुली, एकाच वर्षात दोनदा मरणाच्या दारातून परतलेला. पण शेवटी तिनेच त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणले.

दार्जिलिंगचे रवींद्रनाथ मित्रा यांनी त्याला भारताचा तिरंगा दिला. धाकट्या निमाने आपली लाल-निळी पेन्सिल दिली, शिखरावर ठेवायला.

मोहीम प्रचंड होती. ३६२ हमाल आणि सुमारे दहा हजार पौंड सामान. काठमांडूत ब्रिटिश दूतावासाने शेर्पांची झोपायची सोय गॅरेजमध्ये केली, तेव्हा शेर्पा संतापले. तेनसिंगला स्वतःसाठी खोली मिळत होती, पण तो त्यांच्याबरोबर गॅरेजमध्येच झोपला. सन्मानाची लढाई डोंगराच्या पायथ्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली होती.

मोहिमेच्या सुरुवातीला खुंबूच्या हिमप्रपातात घाईने उतरताना एडमंड हिलरी एका भेगेत कोसळला. दोराच्या दुसऱ्या टोकाला तेनसिंग होता. त्याने बर्फकुऱ्हाड रोवून दोर घट्ट धरला आणि हिलरीला वाचवले. न्यूझीलंडमध्ये मधमाश्या पाळणारा हा उंचापुरा, तेहतिशीचा माणूस आणि तेनसिंग यांची जोडी तिथून जमत गेली.

शिखराच्या पहिल्या प्रयत्नाचा मान या दोघांचा नव्हताच. २६ मे रोजी टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स निघाले. दुपारी एकच्या सुमारास ते दक्षिण शिखरावर पोहोचले. त्याआधी इतक्या उंचीपर्यंत कुणी गेल्याची नोंद नव्हती. मुख्य शिखर शंभर मीटरवर होते. पण वेळ आणि प्राणवायू दोन्ही संपत आले होते. ते परतले आणि थकून खाली आले तेव्हा जगणेच कठीण झाले होते. परतीच्या वाटेवर त्यांनी प्राणवायूच्या अर्धवट भरलेल्या बाटल्या ठेवल्या. त्याच दिवशी स्वतः हंट आणि शेर्पा दा नामग्याल यांनी २७,३५० फुटांवर सामान नेऊन ठेवले. साउथ कोलवर स्विसांनी आदल्या वर्षी मागे टाकलेले खाण्याचे डबे ब्रिटिशांच्या कामी आले.

२८ मे. जॉर्ज लो, आल्फ्रेड ग्रेगरी आणि आंग न्यिमा यांच्या मदतीने शेवटच्या तळाचे सामान घेऊन हिलरी आणि तेनसिंग आग्नेय धारेवर चढू लागले. वाटेत एक मोडका सांगाडा दिसला. वाऱ्याने चिंध्या केलेला तंबू. त्या मेणबत्तीच्या रात्रीचा. बरोबर एक वर्ष झाले होते.

त्याहून वर, सुमारे ८,५०० मीटरवर त्यांनी तंबू लावला. पहाटे चारला थंडी उणे सत्तावीस अंश. तेनसिंगने हिलरीला दूर खाली थ्यांगबोचेचा मठ दाखवला. हिलरीने रात्री बूट काढले होते, ते दगडासारखे गोठले होते. ते स्टोव्हवर धरून मऊ करण्यात वेळ गेला. तेनसिंगने बूट काढलेच नव्हते.

साडेसहाला दोघे निघाले. नऊच्या सुमारास दक्षिण शिखर. बोर्डिलन आणि इव्हान्स इथूनच वळले होते. यापुढे कुणीच गेलेले नव्हते. पुढे सुमारे चाळीस फुटांचा तो खडकाचा कडा, ज्याला पुढे हिलरीचे नाव मिळाले. खडक आणि बर्फ यांच्या फटीतून हिलरी वर सरकला, मागोमाग तेनसिंग आला. धार संपतच नव्हती. एकामागून एक बर्फाचे उंचवटे. मग एके ठिकाणी वर जाणारी धार थांबली आणि समोर तिबेट दिसू लागला.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. हिलरीने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तेनसिंगने त्याला मिठीच मारली.

*

त्या दिवशी तेनसिंगच्या अंगावर काय होते ते पाहिले की अठरा वर्षांचा सगळा हिशोब समोर येतो. डोक्यावर डेनमनची कानटोपी होती, १९४७ ची. गळ्यात लँबेरचा लाल मफलर, १९५२ चा. अंगात हिमालयन क्लबच्या दार्जिलिंगमधल्या कार्यवाह जिल हेंडरसन यांनी दिलेला स्वेटर. पायात आंग ल्हामूने विणलेले मोजे. वर गेला तो एकटा तेनसिंग नव्हता. त्या प्रत्येक वस्तूमागे एक माणूस होता, आणि त्यांतल्या दोघांनी त्याच्याबरोबर याच डोंगरावरून माघार घेतली होती.

बर्फकुऱ्हाडीला चार झेंडे बांधले होते. संयुक्त राष्ट्रांचा, ब्रिटनचा, नेपाळचा आणि भारताचा. हिलरीने तेनसिंगचे छायाचित्र घेतले. हिलरीचे शिखरावरचे छायाचित्र नाहीच. तेनसिंगने बर्फात खळगा करून थोडी मिठाई ठेवली, देवांना. शेजारी निमाची पेन्सिल.

पंधरा मिनिटांनी ते उतरू लागले. समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश प्राणवायू असलेल्या त्या जागी जास्त थांबणे परवडणारे नव्हते. धारेवर परतताना बोर्डिलन आणि इव्हान्स यांनी ठेवलेल्या बाटल्या त्यांना सापडल्या. त्यांतलाच प्राणवायू वापरून ते खाली आले.

२ जून रोजी, राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ही बातमी छापून आली. मग सुरू झाले ‘आधी कोण चढला’ हे भांडण. काठमांडूत दोघांनी सही करून सांगितले, जवळपास एकत्रच पोहोचलो. तरी लोकांचे समाधान होईना. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तेनसिंगने सरळ लिहून टाकले की पहिले पाऊल हिलरीचे होते, आपण एका दोरावर त्याच्या मागे होतो. अठरा वर्षे ज्या शिखरासाठी वाट पाहिली त्याच्याविषयी त्याने खरे सांगितले. सातव्या खेपेविषयीची ही सचोटी त्या चढाईइतकीच मोठी आहे.

*

४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगमध्ये हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. पंडित नेहरू आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी ती उभी केली. क्षेत्रीय प्रशिक्षणाचा पहिला संचालक तेनसिंग. त्यासाठी तो आधी स्वित्झर्लंडला जाऊन शिकवण्याचे तंत्र शिकून आला. ज्या गावात दाखल्याविना बारा आण्यांचे काम मागत फिरला, त्याच गावात तो आता गिर्यारोहकांचा गुरू होता.

या संस्थेतून आणि तिच्या धाग्यांतून भारताची स्वतःची एव्हरेस्ट मोहीम उभी राहिली. तिची गोष्टही माघारींचीच आहे. १९६० साली ब्रिगेडियर ज्ञानसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी गेली. सोनम ग्यात्सो, नरेंद्र कुमार आणि तेनसिंगचा भाचा नवांग गोम्बू हे तिघे २८,३०० फुटांवर वाऱ्यामुळे परतले. १९६२ साली मेजर जॉन डायस यांची मोहीम. सोनम ग्यात्सो पुन्हा होते. त्यांच्याबरोबर हरी डांग आणि मोहन सिंग कोहली. २८,६०० फुटांवरून, शिखर जवळपास सव्वाशे मीटरवर असताना, तिघे वळले.

१९६५ साली कोहली यांच्याकडेच नेतृत्व आले. एप्रिलअखेर वर गेलेल्या तुकडीला हवामानाने पुन्हा खाली ढकलले. नेत्याने घाई केली नाही. मे महिन्यात हवा उघडली. २० मे रोजी अवतार सिंग चीमा आणि नवांग गोम्बू शिखरावर पोहोचले. गोम्बू १९६३ साली अमेरिकी मोहिमेतही चढले होते. एव्हरेस्ट दोनदा चढणारे ते पहिले. २२ मे रोजी सोनम वांग्याल यांच्याबरोबर सोनम ग्यात्सो शिखरावर पोहोचले, बेचाळिसाव्या वर्षी, तिसऱ्या प्रयत्नात. २४ ला सी. पी. व्होरा आणि आंग कामी. २९ मे रोजी, तेनसिंगच्याच तारखेला, एच. पी. एस. अहलुवालिया, हरीशचंद्र सिंग रावत आणि फु दोर्जी. एका मोहिमेत नऊ जण. हा त्या वेळचा विक्रम होता.

१९६२ साली शिखराच्या इतके जवळ जाऊन परतलेले कोहली स्वतः शिखरावर कधीच गेले नाहीत. नऊ जणांना त्यांनी वर पोहोचवले.

*

महाराष्ट्रातली पोरे एव्हरेस्टकडे वळली ती सह्याद्रीच्या वाटेने. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, नाणेघाटाची खिंड, ड्यूक्स नोजची चढाई, पावसात निसरड्या झालेल्या पायवाटा. हीच त्यांची शाळा. सह्याद्रीत बर्फ नाही, आठ हजार मीटरही नाहीत. पण दोर धरायची सवय, सोबत्याचा भरवसा, आणि पाऊस वाढला की वळायचे हे शहाणपण इथेच अंगी बाणते. हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून मे १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या १९८२ साली सुरू झालेल्या संस्थेने २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली मोठी नागरी मोहीम काढली. १९ मे २०१२ रोजी तिचे आठ जण शिखरावर उभे राहिले. पुढच्याच वर्षी संस्थेची दुसरी मोहीम निघाली, आणि २०१९ साली त्यांचे दहा गिर्यारोहक कांचनजंगावर पोहोचले. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर गेले. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०२२ सालापर्यंत आठ हजार मीटरवरची पाच शिखरे सर केली.

आजच्या एव्हरेस्टवर आधीच बांधून ठेवलेले दोर आहेत, हवामानाचा नेमका अंदाज आहे, गर्दीही आहे. तरी ओझी अजून शेर्पाच नेतात आणि दोरही तेच लावतात. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात हिम कोसळले तेव्हा सोळा नेपाळी माणसे एका सकाळी गेली. एव्हरेस्टवर सर्वाधिक वेळा चढलेला माणूस, कामी रिता शेर्पा, तेनसिंगच्याच थामे गावचा. जानेवारी २०२१ मध्ये हिवाळ्यात के-टू प्रथम सर केले ते दहा नेपाळी गिर्यारोहकांनी. ओझे वाहणाऱ्याने शिखराची इच्छा धरायची नाही, ही रीत त्या २९ मे ला मोडली होती. त्या रीतीचा शेवट अजून पूर्ण झालेला नाही. एव्हरेस्टवर जाऊन आलेल्या प्रत्येकाने आपल्या छायाचित्राखाली आपल्या शेर्पाचे नाव लिहावे, इतकी मागणी तरी आपण करायला हवी.

तेनसिंग ९ मे १९८६ रोजी गेला. दार्जिलिंगच्या जवाहर पर्वतावर, इन्स्टिट्यूटच्या आवारात, त्याची समाधी आहे आणि पुतळा आहे. मुलगा जामलिंग १९९६ साली एव्हरेस्टवर चढला. ज्यांना हा डोंगर कधीच चढायचा नाही, त्यांनीही दार्जिलिंगला गेल्यावर तिथे थोडा वेळ थांबावे. आणि ज्यांना चढायचे आहे त्यांच्यासाठी, संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम अठ्ठावीस दिवसांचा आहे.